गल्लीतलं पिवळं पाणी आणि मीटरवरचा ७५ चा आकडा

होळी होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी साडेसातला एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. बारावीला तो माझ्याकडे रसायनशास्त्र शिकला, आता मिरज तालुक्यातल्या त्याच्या कृष्णाकाठच्या गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायची, नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलाय का हे बघणारी ओटी टेस्ट घ्यायची, नमुने प्रयोगशाळेत पोचवायचे, ही त्याची कामं. कॉलेजात पाण्याचा रंग मोजायचं एक हातातलं मीटर आहे, ते आठवड्यापूर्वी तो मागून घेऊन गेला होता.

"सर, आमच्या खालच्या गल्लीचं पाणी मोजलं. ७५ आलं. मर्यादा ५ ची आहे ना? मी ग्रुपवर टाकलं. आता माणसं हळदीच्या शेडवर गेल्यात, भांडण लागलंय."

त्या गल्लीच्या तोंडाशी हळद शिजवायची आणि पॉलिश करायची शेड आहे. मार्च म्हणजे हळदीचा ऐन हंगाम. शेतातून हळद निघते, कुकरमध्ये शिजते, वाळते आणि मग ड्रममध्ये फिरून पॉलिश होते. शिजवल्याचं आणि ड्रम धुतल्याचं पिवळं पाणी शेडमागच्या उघड्या गटारातून गल्लीच्या कडेनं वाहतं. नळाला पाणी पिवळं, गटारात पाणी पिवळं, आणि वर मीटरचा आकडा. लोकांनी दोन आणि दोन चार केले तर त्यात त्यांची चूक काय? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अख्ख्या जिल्ह्याला तिचा अभिमान आहे. पण तीच हळद पिण्याच्या पाण्यात उतरली अशी शंका आली, की तो अभिमान एका सकाळीत बाजूला पडतो.

मी त्याला एवढंच सांगितलं, "नमुन्याची बाटली, मीटर आणि मीटरच्या दोन्ही कुप्या घेऊन ये. काही धुऊ नकोस, पुसू नकोस. जशा आहेत तशा आण."

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण अशी मीटरं आता गावोगाव पोचू लागली आहेत. स्वस्त आहेत, खिशात मावतात, बटण दाबलं की आकडा देतात. तो आकडा कशाचा, हे माहीत नसलं तर त्यावरून घराघरांत वैर उभं राहू शकतं. इथं राहता राहिलं. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही.

मीटर नेमकं काय बघतं

आमच्या मीटरमध्ये एका बाजूला निळा दिवा आहे, ४७० नॅनोमीटरचा. मध्ये १० मिलीची काचेची कुपी बसते आणि पलीकडे प्रकाश मोजणारा सेल. पिवळसर तपकिरी पाणी निळा प्रकाश शोषतं, म्हणून पलीकडे निळा प्रकाश जितका कमी पोचेल तितका आकडा मोठा. आधी रंगहीन पाणी घालून शून्य करायचं, मग नमुना घालून वाचायचं. आकडा येतो तो हेझन एककात, म्हणजेच प्लॅटिनम-कोबाल्ट मापात. ॲलन हेझन या अमेरिकन अभियंत्यानं १८९२ मध्ये ही पट्टी सुचवली. प्लॅटिनम आणि कोबाल्टचे क्षार आम्लात विरघळवले की कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या पाण्यासारखा पिवळसर तपकिरी रंग येतो. लिटरमध्ये १ मिलिग्रॅम प्लॅटिनम असेल तर रंग १ एकक. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, रंगाची स्वीकारार्ह मर्यादा ५ आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १५ पर्यंत चालवून घेता येतं.

आता या रचनेतली अडचण बघा. सेलला फक्त एवढंच कळतं, की प्रकाश कमी आला. तो का कमी आला, हे कळत नाही. पाण्यात विरघळलेल्या रंगानं शोषला, गाळाच्या कणांनी इकडंतिकडं उधळला, कुपीच्या काचेवरच्या ओरखड्यानं अडवला, बोटाच्या तेलकट ठशानं अडवला किंवा आत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यानं वळवला, सेलच्या लेखी सगळं सारखंच. या सगळ्याची तो एकच बेरीज करतो आणि तिला रंग म्हणतो.

म्हणून पाण्याच्या रंगाचे दोन आकडे असतात. नमुना आहे तसा मोजला तर तो दिसणारा रंग. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मोजला तर तो खरा रंग. या मुलानं, माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं, ग्रुपवर टाकलेला ७५ यातला कोणता होता? विचारल्यावर तो गप्प झाला. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. मीटर देताना हे त्याला मीच समजावून द्यायला हवं होतं.

७५ ची उलगड

दुपारी तो आला. बाटली फ्रीजमध्ये ठेवलेली होती. नमुना गार ठेवायचा हे त्यानं बरोबर केलं होतं. पण सकाळी त्यानं फ्रीजमधून काढून गार पाणी थेट कुपीत ओतलं आणि मोजलं होतं. मार्चातली सांगलीची हवा आणि कुपीत फ्रीजचं पाणी, मग काचेला बाहेरून घाम सुटणारच. तो घाम डोळ्याला नीट दिसायच्या आधीच निळा प्रकाश अडवतो. मी बाटली तासभर टेबलावर ठेवली आणि पाणी खोलीच्या तापमानाला येऊ दिलं.

तोवर कुप्या बघितल्या. त्यानं एका कुपीत शुद्ध पाणी घालून शून्य केलं होतं आणि नमुना दुसऱ्या कुपीत मोजला होता. दोन्ही कुप्यांत तेच ऊर्ध्वपातित पाणी भरलं. पहिलीवर शून्य केलं, दुसरी ठेवली. पडद्यावर १५ आलं. पाणी तेच, मीटर तेच, आणि नुसत्या काचेचे १५. उजेडात तिरकी धरली तर दुसऱ्या कुपीच्या बुडाशी पिवळट थर दिसला. ती तशीच न धुता ठेवली गेली होती. मुलाचा चेहरा उतरला. मानकाच्या मर्यादेच्या तिप्पट रंग काचेच्या बुडाशी बसला होता.

मग एकच कुपी वापरली. त्याच नमुन्याच्या पाण्यानं दोनदा विसळली. बाहेरून मऊ कोरड्या कापडानं पुसली, वरच्या कडेलाच धरली आणि खूण समोर येईल अशी दर वेळी एकाच बाजूनं बसवली. बाटली हलकेच दोनतीनदा उलटी केली, जोरात हलवली नाही, कारण हलवलं की बुडबुडे येतात. आकडे आले ५०, ४५, ५०. म्हणजे ७५ मधले पंचवीसएक कुपीचे आणि घामाचे होते. उरलेले पन्नासएक तरी पाण्याचेच.

शेवटी सिरिंजला गाळणी लावून नमुना गाळला. गाळणीतून येणारं पहिलं थोडं पाणी टाकून दिलं आणि मग कुपी भरली. ५, ० आणि पुन्हा ५.

मी आकडे वहीत लिहिले आणि वही त्याच्याकडे फिरवली. तो बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे पाण्यात रंग नाहीच सर?"

"विरघळलेला जवळपास नाही. पण तुमच्या गल्लीला पिवळं पाणी येतंय हे खरं आहे. पाण्यात काहीतरी बारीक कण तरंगताहेत. आता ते कण कसले, ते शोधायचं."

हळदीचा प्रश्न इथं सुटला असं कुणी समजू नये. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, बारीक भुकटी होऊन तरंगतं. तेही गाळणीवर अडकलं असतं. गाळण्यानं हळदही निघते आणि गंजही. दोन्हींतला फरक सांगायचं काम या मीटरचं नव्हे.

आक्कांच्या नळाचं फडकं

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात गेलो. शेडवाले आण्णा दारातच बसले होते. बोलले काहीच नाहीत, पण मान वर केली नाही यातच सगळं आलं. वीस वर्षं गल्लीत राहिलेला माणूस. आदल्या दिवशी शेजारच्या पोरांनी त्यांच्या शेडचा विजेचा मेन बंद केला होता.

गल्लीच्या शेवटच्या घरात एक आक्का राहतात, सत्तरीच्या असतील. त्यांच्या नळाला धोतराचं फडकं बांधलेलं होतं. एकदा पांढरं असेल, आता विटकरी झालं होतं. मी विचारलं, "आक्का, हे किती दिवसांचं?"

"आट दिसाचं हाय. दर आटवड्याला बदलती. पयली घागर मी पीतच न्हाई, कढीपत्त्याला घालती. मागनं पाणी निवळ येतंय."

"मग हळद उतरली म्हणतात, तुम्हाला काय वाटतं?"

आक्कांनी माझ्याकडं असं बघितलं, की एवढं शिकून याला कळत कसं नाही. "आवो सर, हळद आसती तर ह्ये फडकं साबण लावल्यावर लालभडक झालं नसतं व्हय? लग्नातल्या हळदीची कापडं धुतली न्हाईत का कुनी घरात?"

वीस वर्षं मी वर्गात हळदीचा कागद करून मुलांना दाखवत आलोय. आम्लात पिवळा, अल्कलीत लाल. आणि या प्रकरणात ते मला आक्कांनी त्यांच्या अंगणात सांगितलं. त्यांनी ते फडकं दर आठवड्याला साबणानं धुऊन तपासलंच होतं. मी त्यांचं फडकं मागून घेतलं. त्यांनी दुसरं बांधायला काढलं आणि मला चहा दिला.

आण्णांच्या परवानगीनं गटारातल्या पाण्याची एक बाटलीही भरून घेतली. त्या वेळी ते पहिल्यांदा बोलले, "खरं काय आसंल त्येच लिवा सर."

प्रयोगशाळेत हे काम दहा मिनिटांचं. फडक्याचे दोन तुकडे कापले. गटारातलं पाणी गाळून त्या गाळण-कागदाचेही दोन तुकडे केले. फडक्याच्या पहिल्या तुकड्यावर धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाचे चार थेंब टाकले. विटकरी रंग विटकरीच राहिला. गटाराच्या कागदावर तेच थेंब पडले आणि डाग बघता बघता लाल झाला. मग फडक्याच्या दुसऱ्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि त्यावर पोटॅशियम थायोसायनेटचा एक थेंब टाकला. रक्तासारखा लाल डाग पसरला. ही फेरिक लोहाची खूण, बारावीच्या प्रात्यक्षिकातली. गटाराच्या कागदावर याच थेंबांनी तसं काही झालं नाही.

चारही तुकडे मी एका पांढऱ्या कार्डावर डिंकानं चिकटवले, खाली पेन्सिलनं लिहिलं आणि फोटो काढून मुलाला पाठवला. "हा ग्रुपवर टाक," म्हटलं. ७५ च्या आकड्यानं लावलेली आग विझवायला त्याहून जास्त डोळ्यांना दिसणारं काहीतरी हवं होतं. आकडा वाचून लोक भांडतात. सोड्यानं लाल झालेला डाग मात्र प्रत्येकानं घरात पाहिलेला असतो.

पाणी सुटायच्या सकाळी

गंज आहे हे कळलं, पण येतो कुठून? नदीतून येत असेल तर सगळ्या गावाला यायला हवा. विहीर किंवा बोअर योजनेला जोडलेलं नाही. गावातल्या बाकी गल्ल्यांत जलजीवन मिशनमध्ये नवे एचडीपीई, म्हणजे प्लॅस्टिकचे, पाइप पडलेत. या खालच्या गल्लीत मात्र अजून जुनी दोन इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, लाइन आहे आणि ती आक्कांच्या घरापाशी संपते. पुढे कुठे जोडलेली नाही, टोकाला धुवायचा व्हॉल्व्हही नाही. पाणी एक दिवस आड, तासभर.

म्हणून आम्ही पाणी सुटायच्या सकाळीच गेलो. पावणेसहाला वॉलमननं चावी फिरवली. मुलगा आक्कांच्या नळापाशी, मी त्यांच्या ओट्यावर मीटर, एक कुपी, पुसायचं कापड आणि ऊर्ध्वपातित पाणी घेऊन बसलो. नळातून आधी हवा फुसफुसली, मग खाकरल्यासारखा आवाज झाला आणि पाणी आलं. पहिल्या घागरीचं पाणी चहाच्या पातळ पाण्यासारखं. मीटर ११०. पाच मिनिटांनी ६०. पंधरा मिनिटांनी २५. चाळीस मिनिटांनी १०. त्याच वेळात उंच टाकीच्या तोंडाशी भरून आणलेल्या बाटलीचे आकडे ५, ०, ५. नव्या पाइपाच्या गल्लीतल्या एका घरचं ५.

हा क्रमच सगळं सांगतो. दोन दिवस पाइप अर्धा रिकामा राहतो. ओल्या भिंतीला हवा लागते, जस्ताचा मुलामा कधीच झिजून गेलेला, लोखंड गंजतं. पाणी सुटलं की पहिल्या लोंढ्यानं तो गंज सुटतो आणि टोकाच्या घरात जाऊन पोचतो. पिवळं पाणी बघून मुलगा घाबरून टीसीएल वाढवत होता, त्यानं गंज आणखी वाढला, कारण क्लोरीन लोखंडाचं ऑक्सिडीकरण करतो आणि त्यात स्वतः खर्च होतो. म्हणूनच टोकाच्या घरात ओटी टेस्टला क्लोरीन सापडत नव्हता. औषध जास्त आणि शेवटच्या नळाला ते शून्य, असा उलटा हिशेब गेले पंधरा दिवस चालला होता.

याच सकाळी आणखी एक गोष्ट दिसली आणि रंगापेक्षा मला तिचीच जास्त काळजी वाटली. गल्लीतल्या दोन घरांनी नळालाच मोटर लावलेली. पाणी कमी झालं की मोटर पाइपातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेते, लाइनमध्ये निर्वात होतं. जुन्या पाइपाला सांध्यात दोन ठिकाणी गळती होती, आणि त्यातला एक सांधा शेडमागच्या त्या उघड्या गटारात बुडालेला होता. पाइपात दाब असताना पाणी बाहेर गळतं. दाब गेला की गटाराचं पाणी आत ओढलं जातं. आज फडक्यावर हळद सापडली नाही, पण गटारातलं इतर काय काय आत जात असेल ते रंगावरून कधीच कळणार नाही. जुलाबाचे जंतू, नायट्रेट, यांना रंग नसतो. लोकांनी गटाराकडे बोट दाखवलं त्यात तथ्य होतं, फक्त पिवळेपणाचं कारण वेगळं होतं. मी हे गल्लीत उभं राहून, आण्णांसमोरच सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"१५ च्या आत आहे असं लिहून द्या"

आठवड्यानं ग्रामसभा होती. सरपंचताईंनी आधी बोलावून घेतलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, गाव शांत व्हावं एवढंच होतं. "सर, चाळीस मिनिटांनी १० आलं ना? मग मर्यादेच्या आत आहे असं कॉलेजच्या कागदावर लिहून द्या. लोकांचं समाधान होईल."

मी नाही म्हटलं, आणि का नाही ते त्यांना नीट सांगणं गरजेचं वाटलं.

मीटरसोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय: मोजपट्टी ० ते ५००, पायरी ५ ची, आणि अचूकता अधिक-उणे १०, शिवाय वाचनाच्या ५ टक्के. म्हणजे पडद्यावर १० दिसलं तर पाणी ० चंही असेल आणि २० चंही. ज्या मानकात ५ आणि १५ या दोन रेषांवर निर्णय होतो, तिथं या मीटरनं निकाल देणं म्हणजे कारखान्याच्या उसाच्या वजनकाट्यावर अंगठी तोलणं. काटा खोटा नाही, ट्रक तो बरोबर तोलतो. ११० आणि १० मधला फरक या मीटरनं आम्हाला बिनचूक दाखवला, त्यावरूनच पाइप सापडला.

ताईंना हे पटायला प्रत्यक्ष दाखवावं लागलं. कॉलेजात ५०० एककांच्या प्रमाण द्रावणाची छोटी बाटली आहे. प्लॅटिनमचा क्षार असल्यानं महाग, त्यामुळे थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतो. त्यातलं अर्धा मिली घेऊन ५० मिली केलं की ५ चं पाणी, दीड मिलीचं केलं की १५ चं. ही दोन्ही पाणी नावं झाकून दोन मुलींना मोजायला दिली. दोन्हींचे आकडे १० आले. एकीनं पुन्हा मोजलं, ५ च्या पाण्याला १० आणि १५ च्या पाण्यालाही १०. ताई म्हणाल्या, "मग एवढ्या लहान रंगाला मोजायचं कशानं?"

उत्तर कपाटात होतं. नेसलर नळ्या, ५० मिलीच्या उभ्या, सपाट बुडाच्या, शंभराहून जास्त वर्षं वापरात असलेल्या. कुपीत प्रकाश जेमतेम दोन बोटं पाण्यातून जातो. नेसलर नळीत वरून खाली पाहिलं की नजर वीतभर पाण्यातून जाते. ग्लासातलं पाणी निवळ दिसतं आणि तेच पाणी पांढऱ्या टबात भरलं की पिवळं दिसतं, त्यामागचं कारण हेच. पांढऱ्या फरशीवर ०, ५, १०, १५ अशा नळ्या रांगेत उभ्या केल्या, खिडकीशी सूर्यप्रकाशाकडे पाठ करून वरून बघायला सांगितलं. ताईंनी पहिल्याच नजरेत ५ आणि १५ वेगळे काढले. मानकाच्या चाचणी-पद्धतीत, आयएस ३०२५ च्या चौथ्या भागात, डोळ्यांनी तुलना करण्याची ही जुनी रीत अजून आहे. गल्लीचं गाळलेलं पाणी त्या रांगेत ० आणि ५ च्या मध्ये बसलं.

प्रमाणपत्र म्हणून तेही मी दिलं नाही. नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत रीतसर पाठवायला सांगितलं. सोबत सामू (पीएच), गढूळपणा, लोह आणि जंतुतपासणी मागायला लावली. सामू मुद्दाम, कारण पाण्याचा रंग सामूबरोबर बदलतो आणि रंगाशेजारी सामू लिहिलेला नसला तर आकडा अर्धाच राहतो. अहवाल आला तेव्हा खरा रंग ५ च्या खाली, पहिल्या लोंढ्याच्या नमुन्यात गढूळपणा आणि लोह जास्त, आणि टोकाच्या घरच्या नमुन्यात जंतू सापडलेले. त्या शेवटच्या ओळीनं मला झोप आली नाही. ग्रामसभेत रंगाचा विषय दोन मिनिटांत संपला. पुढचा तास गळक्या सांध्यावर आणि मोटरींवर गेला, आणि तेच व्हायला हवं होतं. तोवर टोकाच्या घरांनी पाणी उकळून प्यायचं ठरलं.

नंतर काय झालं

पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून गल्लीची जीआय लाइन काढून एचडीपीई टाकली. टोकाला धुवायचा व्हॉल्व्ह बसवला. आता दर पंधरवड्याला वॉलमन तो पाच मिनिटं उघडा ठेवतो आणि सुटलेलं पाणी आक्कांच्या कढीपत्त्याला जातं. आण्णांनी शेडमागं स्वतःच्या खर्चानं खड्डा खणून पिवळं पाणी तिकडे वळवलं. ज्या पोरांनी मेन बंद केला होता, त्यांतले दोघे खणायला आले होते. मोटरींचं मात्र अजून पुरतं मिटलेलं नाही. पाणी सुटलं की एक घर अजून लावतंच.

मुलाची रंगाची वही मी बघतो अधूनमधून. आधी त्यात तारीख आणि आकडा एवढंच असायचं. आता तारीख, कुठल्या नळाचं, पाणी सुटून किती मिनिटांनी, गाळण्याआधी तीन वाचनं, गाळल्यावर तीन वाचनं, सामू, आणि शेवटी कुपीचा नंबर. दर सोमवारी दोन्ही कुप्यांत शुद्ध पाणी भरून तो एकमेकींशी ताडून बघतो. पाचाहून जास्त फरक आला तर कुपी बाद.

जूनमध्ये कृष्णेला नवं पाणी आलं. नदी तांबूस झाली, जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या नदीकाठच्या विहिरीतून, तसंच पाणी टाकीत. त्या दिवशी त्यानं मला फोटो पाठवला. वहीत लिहिलं होतं: कच्चं पाणी गाळण्याआधी १६०, १५५, १६०. गाळल्यावर २०, १५, २०. शेजारी पेन्सिलनं, "गाळ जास्त, तुरटी वाढवली." ग्रुपवर त्यानं आकडा टाकला नाही. फक्त लिहिलं, की नदीला नवं पाणी आलंय, तीन दिवस उकळून प्या.